सांबार नहीं मिलेगा

भिलाईच्या स्टील प्लांटातून रिटायर झाल्यावर आमच्या ह्यायनं माह्या दुकानाची जाहिरात हातात घेतली, आन् माह्या डोक्शाले ताप सुरू झाला. दुकान म्हणजे सेक्टर सहाच्या मार्केटात एक कढई आन् दोन बाकं. मी सांबारवडी विकत होती. पोराचं म्हणणं, दिवाळीपर्यंत चाललं तर ठीक, नाहीतर बंद करा आन् पुण्याले माह्याकडे या. मले नव्हतं जायचं. तिथं सुनेच्या किचनात मी काय करू?

ह्यायनं स्कूटरच्या मागं पाटी बांधली, 'गरमागरम सांबारवडी', आन् पावर हाउसपासून सिविक सेंटरपर्यंत फिरून आले. फुकटात जाहिरात, म्हणे. दुसऱ्या दिवशी खरंच गर्दी झाली. पहिल्याच बाईनं स्टीलचा डबा पुढं केला. "सांबार भर दो, वडी रहने दो." मागचेही डबे घेऊनच उभे. भिलाईत सारा देश राहते, त्यायले काय माहीत का आमच्या विदर्भात सांबार म्हणजे कोथिंबीर. दिवसभर मी हेच सांगत राहिली आन् तिकडं वड्या थंड झाल्या.

"अवो, मंग डाळीचा सांबारबी ठेवू ना," हे म्हणाले.

"कावून? उद्या कोनी डोसा मागन, तोबी ठेवता का?"

"नाव तरी बदल. धनिया रोल लिहू."

माह्या मायनं शिकवलेल्या वडीले रोल म्हणू? मले असा राग आला का रंगाचा डबा घेतला आन् त्याच पाटीवर खाली मोठ्ठं लिहिलं, 'सांबार नहीं मिलेगा'. पाटी दुकानापुढं टेकवून देली.

लोक थांबून हसू लागले, फोटो काढू लागले. "आंटी, सांबारवडी में सांबार क्यों नहीं?" सांगून सांगून तोंड दुखलं, मंग मी बोलणंच सोडलं. गरम तुकडा हातावर ठेवायची, खाऊन समजून घे. ज्यानं खाल्लं तो वड्या बांधूनच नेत होता. दिवाळीच्या आधी दुकानापुढं लाइन लागू लागली.

पाटीचा फोटो फिरत फिरत पुण्याले पोचला. पोराचा फोन आला, दुकान बंद नका करू, मस्त चालून राहिलं. मले किती बरं वाटलं. मंग हसत हसत तो म्हणते, "मगर मम्मी, साथ में सांबार क्यों नहीं रखती?"

माह्या हातची हीच वडी खाऊन मोठा झाला हा. मले रागबी आला आन् रडूबी आलं.

"सुट्टी काढ आन् इकडं ये," मी म्हटलं. "येऊन लाइनीत लाग."