हेफ्नीच्या दातांचं आणि हृदयाचं

माझ्या बहिणीचा नवरा हेफ्नी मिझमार, म्हणजे आमच्या इजिप्तची सनई, फुंकतो आणि मी त्याच्या शेजारी ढोल बडवतो. आमच्याशिवाय कूस गावात वरात निघत नाही. दाजीची छाती म्हणजे लोहाराचा भाता, असं लोक म्हणत. गेल्या उन्हाळ्यात त्या भात्यानेच दगा दिला. लक्सरच्या इस्पितळात नेऊन हृदयाच्या नळीत जाळी बसवली. माझ्या बहिणीने, नज्लाने, घरातलं सगळं तूप शेजारणीला देऊन टाकलं. तेव्हापासून हेफ्नी उकडलेली भाजी खायचा आणि शेजारणीकडे वैऱ्यासारखा बघायचा.

पुढच्या तपासणीला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चरबी आता छान आटोक्यात आहे. पण रक्तात सूज फार दिसते."

"सूज? अहो, वाळून खारीक झालोय मी!"

"अंगावरची नव्हे काका, आतली. नळी काही नुसती चरबीने तुंबत नाही. तिच्या भिंतीत सूज धुमसत राहते, एक दिवस भिंत फाटते आणि तिथे रक्ताची गुठळी होते. तुमच्या शरीरात आणखी कुठे सूज आहे का, ते शोधू."

गुडघे झाले, छाती झाली, पोट झालं. शेवटी बाई म्हणाल्या, "तोंड उघडा." त्याने उघडलं आणि बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. दात हलत होते, हिरड्यांतून पू येत होता.

"हे आधी दातवाल्याला दाखवा. त्याने हृदय बरं होईल असं वचन मी देत नाही. गोळ्या घ्यायच्याच, सिगारेट बंदच. पण ही आग कशाला पेटती ठेवायची?"

"दात काढले तर फुंकू कशाने? कानाने?"

कारण दोन महिन्यांवर लेकीचं, रावियाचं, लग्न होतं. तिच्या वरातीत आपणच फुंकायचं, हे त्याने ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. नज्लाने स्पष्ट विचारलं, "वरातीत बाप वाजवणार, की बापाचीच वरात काढायची?" तरी हा ढिम्म.

मग राविया म्हणाली, "आबा, दात दाखवल्याशिवाय मी या घरातून निघणार नाही."

"मग राहा!"

"राहते. नवऱ्यालाही इथेच आणते."

जावई एका बैठकीला अख्खं बदक संपवतो, हे गावाला ठाऊक होतं. हेफ्नी दुसऱ्या दिवशी दातवाल्याच्या दारात हजर.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून दातवाल्याने हृदयाच्या बाईंना विचारूनच हात घातला. पण एकही दात वाचवण्याजोगा निघाला नाही. तोंड रिकामं झालं. कवळीला वेळ होता. हेफ्नीने मिझमारकडे पाहणंच सोडलं. घरात लग्न आहे की मयत, कळेना.

बाईंनी बसून, बेताने फुंकायला परवानगी दिली होती. वरातीच्या संध्याकाळी मी त्याला खुर्चीवर बसवून मिझमार हातात कोंबली. डोळे मिटून त्याने तिच्या टोकाची पत्ती तोंडात घेतली, पत्तीखालच्या तबकडीवर ओठ दाबले आणि गाल फुगवले. असा सूर निघाला की शेजारचं गाढव दावं तोडून पळालं!

पत्ती तर तोंडाच्या आत असते, सगळं काम ओठांचं आणि गालांचं. जन्मभर फुंकून या गड्याला ते माहीत नव्हतं, आणि शेजारी बसून मलाही.

दम घेताना तो बोळक्या तोंडाने म्हणाला, "बखीत, मग हे दात इतकी वर्षं करत काय होते रे?"

"जेवत होते, दाजी."

तो इतका हसला की नज्ला गोळ्या घेऊन धावली.

मग राविया गाडीकडे निघाली. बापासमोर वाकून तिने त्याचा हात चुंबला. आईचं प्रेत उचललं तेव्हाही हेफ्नी रडला नव्हता. अशा वेळी तो दातावर दात आवळून उभा राहायचा. आताही त्याने जबडा आवळला. आवळायला काही नव्हतंच. हिरडीवर हिरडी घसरली आणि हा एवढा मोठा मिशाळ माणूस सगळ्या गावादेखत भोकाड पसरून रडला.

मी ढोल थांबवला नाही. थांबवला असता तर मीही रडलो असतो.