सहा पेरं

स्पॅनिशच्या तोंडी परीक्षेत पास झाले तरच माझी पुण्याची नोकरी पक्की होती. काम ग्राहकांशी फोनवर स्पॅनिशमध्ये बोलण्याचं. लिहायला मला जमत होतं. तोंड उघडायचं म्हटलं की मी वहीकडे बघायला लागायचे. इंग्रजी शाळेत मी स्वतःहून कधी हात वर केल्याचं आठवत नाही, आणि घरी मराठी बोलतानाही मी मध्येच हिंदीत शिरते.

क्रियापदांची रूपं बाबांनी पाठ करून घेतली. त्यांना स्पॅनिशचा गंधही नाही. फॅक्टरीतून आले की चहा घेत माझी वही उघडायचे. त्यांच्यासाठी मी सगळं देवनागरीत लिहिलं होतं. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते: सहा जण, सहा रूपं. लहानपणी पाढे शिकवले तसाच त्यांनी अंगठा पेरांवर ठेवायला लावला. करंगळीची तीन पेरं, शेजारच्या बोटाची तीन. खाण्याचा भूतकाळ: कोमी, कोमिस्ते, कोमिओ...

"चाल सोडू नको बेटा. चालीत बसलं की विसरत नाही."

रविवारी नदीवर, तिलवाऱ्याच्या घाटाला जाताना स्कूटरवर मागे बसून मी तेच मोठ्याने म्हणायचे. वाऱ्यात कुणाला ऐकू जात नसे.

परीक्षा सकाळी, व्हिडिओ कॉलवर होती. बाबांनी सुट्टी घेतली, आवाज नको म्हणून पंखा बंद केला आणि दाराच्या पडद्यापलीकडे खुर्ची टाकून बसले. परीक्षक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. नाव, गाव झालं. मग त्यांनी विचारलं, काल घरच्यांनी काय खाल्लं?

मला सहावं रूप हवं होतं. पण पहिल्यापासून म्हटल्याशिवाय मी सहाव्यावर पोहोचूच शकत नव्हते. टेबलाखाली अंगठा करंगळीवर गेला. मान खाली, ओठ हलताहेत.

"खाली काय आहे?" बाई एकदम इंग्रजीत म्हणाल्या. "दोन्ही हात दिसतील असे ठेवा. फोन आहे का?"

नक्कल सापडली तर परीक्षा रद्द, हे मला माहीत होतं. मी रिकामे हात वर केले. तरी माझा मलाच संशय आला. तेवढ्यात पडद्यामागे खुर्ची करकरली. बाबा आत येऊन हिंदीत समजावायला लागतील, ही भीती बाईंच्या भीतीपेक्षा मोठी निघाली.

"फोन नाही," मी स्पॅनिशमध्ये म्हणाले. "बोटं."

"दाखवा."

तळवा कॅमेऱ्यासमोर धरून मी पेरापेरावर अंगठा टेकवत सहाही रूपं चालीत म्हटली. आवाज बकरीसारखा कापत होता. सहाव्यावर थांबले आणि वाक्य पुरं केलं: आईबाबांनी खिचडी खाल्ली.

बाई हसल्या नाहीत. काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "पुढचा प्रश्न."

निकालाचा मेल मी उघडला नाही, बाबांनी उघडला. जेमतेम पास.

"बघ! काहून एवढी घाबरून राहिली होती?"

"तुम्ही आत यायला उठला होतात ना?"

"मी? मी तर पाणी प्यायला उठलो."

पुढच्या महिन्यात पुणे. फोनवर हात कुणाला दिसत नाहीत, तेवढं बरं आहे. पण मी सहाव्या पेरापर्यंत पोहोचेपर्यंत पलीकडचा माणूस थांबेल का, याची धडकी आत्ताच भरली आहे.