बेचाळीस नंबरचा हिरवा

वुड्रो प्रुइटने अमेरिकेतल्या फ्लिंट गावच्या मोटार कारखान्यात तेहेतीस वर्षं गाड्या रंगवल्या. निवृत्त झाल्यावर तो त्या रंगांविषयी बोलत असे आणि मी ते लिहून घेत असे.

आमच्या क्लबचं मासिक पत्रक मी काढायचो. साहित्याची पदवी घेऊन फ्लिंटमध्ये राहिलेल्या माणसाला याहून बरं काम मिळालं असतं असं नाही. क्लब मसल कारवाल्यांचा होता. साठ-सत्तरच्या दशकातल्या दोन दारांच्या गाड्या, गरजेच्या तिप्पट इंजिन. या लोकांना गाडी किती पळते याच्याशी फारसं कर्तव्य नसतं. कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी ती कशी दिसत होती, एवढंच त्यांना हवं असतं. कारखान्याचा रंग खरबरीत असायचा, त्याला ओघळ असायचे. म्हणून आमच्याकडे फार सफाईदार रंगाचे गुण कापतात. आमचा मुख्य परीक्षक हार्लन स्टाउट याने गाडीला नव्याने लाल रंग दिला, तेव्हा मुद्दाम ओघळ पाडायला वेगळा कारागीर लावला होता. ते ओघळ तो पाहुण्यांना दाखवतो.

शनिवारी सकाळी बँकेमागच्या पार्किंगमध्ये सगळे जमत. वुडी, म्हणजे वुड्रो, घडीच्या खुर्चीत बसायचा. कुणी दाराचा तुकडा आणायचं, कुणी आरशाचं कवच.

"वुडी, हा निळा अडुसष्टचा की एकोणसत्तरचा?"

"नंबर काय लिहिलाय?"

"सोळा."

वुडी त्यावरून अंगठा फिरवायचा. "सोळाला वास होता. पिकून काळ्या पडलेल्या केळ्याचा. अडुसष्टचा." माणूस समाधानाने जायचा. वुडी आधी नंबर विचारतो, हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

बेचाळीस नंबरचा गडद हिरवा म्हणजे साय काढलेलं दूध, असं तो सांगे. घाई केली की ओघळायचा. सत्तावन्न नंबरचा लाल जड, फवारणीची नळी उचलली की खांद्याला कळायचं. मी खूश होतो. हा माणूस रंगाकडे पाचही इंद्रियांनी पाहतो, असा लेख मी पत्रकात लिहिला. वुडीने तो वाचला आणि चष्मा पुसला. "छान लिहितोस," म्हणाला. "लांबलचक."

ऑगस्टमधल्या एका शनिवारी लिओना हॅडिक आली. शाळेच्या भोजनगृहातून निवृत्त झालेली बाई. तिची गाडी तिने स्वतः नवी घेतलेली, १९७० च्या ऑगस्टमध्ये बनलेली. रंग तापलेल्या तांब्यासारखा तपकिरी. आता ती मुलीकडे ॲरिझोनाला जाणार होती आणि गाडी गावाच्या संग्रहालयाला देणार होती. संग्रहालयाला रंग मूळचा असल्याचा आमच्या क्लबचा दाखला हवा होता.

हार्लनने बॉनेट उघडलं. कारखान्याने रंगाचा नंबर कोरलेली पत्र्याची पट्टी आत असते, तिच्यावर बॅटरीचा उजेड पाडला. मग डिकी उघडली.

"बाई, पट्टीवर बेचाळीस आहे. गाडी हिरवी होती."

"गाडी तपकिरी होती. मी घेतली तेव्हा शोरूममध्ये तपकिरीच उभी होती."

"डिकीत आतून हिरवी आहे."

"मला दिसतंय ते. एक्केचाळीस वर्षं डिकीत किराणा मीच ठेवतेय."

"मग कुणीतरी बाहेरून रंगवली. तुम्ही घ्यायच्या आधी. शोरूमवाल्याने फसवलं असेल."

"माझा नवरा मरेपर्यंत हेच म्हणायचा," लिओना म्हणाली. "तो पण सगळं माहीत असल्यासारखा बोलायचा."

दोघं-चौघं हसले. हार्लन हसला नाही. त्याने मार्ग सांगितला: गाडी खरवडून पट्टीप्रमाणे हिरवी करा, दाखला लगेच देतो. लिओना बराच वेळ गाडीकडे पाहत राहिली. सोमवारची वेळ तिने रंगाच्या दुकानात आधीच घेऊन ठेवली होती, असं म्हणाली. दाखला नाही मिळाला तर, म्हणून. संग्रहालयात हिरवी गाडी गेलेली बरी, की तपकिरी गाडी कुणा अनोळखी माणसाकडे, हे तिचं तिलाच ठरत नव्हतं.

"पण मी खोटं बोलत नाही," ती म्हणाली. "तेवढं लिहून ठेवा कुठेतरी."

हार्लन वुडीकडे वळला. "वुडी, तू काय म्हणतोस?"

वुडी उठला. पट्टीवरची तारीख त्याने दोनदा वाचायला लावली. मग डाव्या बाजूने मागच्या चाकामागे हात घातला आणि पत्र्याच्या कडेवरून बोटं फिरवली. खूप वेळ फिरवली.

"भूक लागलीय," म्हणाला. "जेवून येतो."

मी त्याला कोनीच्या दुकानात घेऊन गेलो. त्याने नेहमीप्रमाणे दोन कोनी मागवले, कांदा जास्त. पावात सॉसेज, वर खिमा. एक संपवला. दुसऱ्याला हात लावला नाही.

"ती गाडी मी रंगवलीय," म्हणाला. "चाकामागे माझाच ओघळ लागला हाताला."

"तुम्ही तर सगळ्याच रंगवल्यात."

"ती चुकीची रंगवलीय."

उन्हाळ्यात कारखाना दोन आठवडे बंद असायचा. त्या वर्षी सुट्टीत कुणीतरी नवा रंग वाढवला, म्हणून रंगाच्या खोलीतल्या, दर रंगाला एक अशा सगळ्या नळ्या एकेक खुंटी पुढे सरकवल्या. नळ्यांवरचे नंबर रंगाच्या थरांखाली कधीच बुजले होते. सुट्टीनंतरच्या सोमवारी गाडीसोबतच्या कागदावर बेचाळीस आला. वुडीने नेहमीच्या खुंटीवरची नळी घेतली; वजनात आणि वासात कळण्याइतका फरक नव्हता. गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभा असलेला माणूस वुडीकडे बघून नळी घ्यायचा, कारण वुडी कधी चुकत नसे. त्याने तशीच घेतली. तीन गाड्या झाल्या. दोन रंग वाळवायच्या भट्टीतून बाहेर येताच पकडल्या गेल्या. तिसरीच्या वेळी तपासनीस जेवायला गेला होता.

"पण तपकिरी रंग होता तो," मी म्हणालो. "हिरव्याच्या जागी. तुम्हाला दिसला नाही?"

"नाही."

"तिन्ही वेळा?"

"पोरा, मला कधीच दिसलेला नाही. हिरवा, लाल, तपकिरी. मला ते एकच आहे. मातीचं काहीतरी."

मी कॉफीचा कप खाली ठेवला.

सहासष्ट साली कारखान्यातल्या भरतीच्या वेळी डॉक्टर ठिपक्यांची पानं दाखवून आकडे विचारत होता. वुडीच्या पुढे रांगेत त्याचा चुलतभाऊ होता. त्याने मोठ्याने दिलेली उत्तरं वुडीने त्याच क्रमाने दिली. त्यानंतर तेहेतीस वर्षं नंबर, खुंटी, वजन, वास. मी ज्याला प्रतिभा समजत होतो ती नुसती पाठ केलेली यादी होती. पाच इंद्रियं म्हणून मी छापलं होतं. एक जास्त मोजलं होतं.

"कुणाला माहीत आहे?" मी विचारलं.

"बायकोला होतं. ती मोज्यांच्या जोड्या लावून ठेवायची." त्याने दुसरा कोनी माझ्याकडे सरकवला. "हार्लनला सांगितलं तर माझे सगळे दाखले गेले. सव्वीस गाड्या माझ्या शब्दावर पास झाल्यात. त्यात त्याची पण."

"नाही सांगितलं तर?"

"तर सोमवारी ते ती खरवडणार."

तो बिल द्यायला उठला.

आम्ही परत आलो तेव्हा लिओना गाडीत बसली होती, दार उघडं ठेवून, पाय बाहेर. वुडीने हार्लनला सगळं सांगितलं. नळ्या, खुंट्या, तीन गाड्या. डोळ्यांचं सोडून.

"वुडी," हार्लन म्हणाला, "बाईंबद्दल मलाही वाईट वाटतंय. पण डोळे असलेला माणूस तांब्याला हिरवा समजून तीन गाड्या मारेल का?"

"नाही मारणार."

"मग?"

"मी रंगांधळा आहे, हार्लन."

हार्लनने गाडीतून नमुन्यांचं पुस्तक आणलं, हिरवा आणि तांब्याचा असे दोन तुकडे सोडवले, पाठीमागे नेऊन फिरवले आणि पुढे धरले. "यातला हिरवा कुठला?"

वुडीने तांब्याकडे बोट दाखवलं.

"मुद्दाम चुकतोयस."

"परत विचार."

पाच वेळा विचारलं. तीनदा बरोबर आलं, दोनदा चूक.

"म्हणजे निम्मं येतं तुला," हार्लन म्हणाला.

"नाणं फेकलं तरी निम्मं येतं."

"आणि माझी गाडी? सत्तावन्नचा लाल हुबेहूब जमलाय, असं तू लिहून दिलंयस. सहीने."

"तू सत्तावन्न म्हणालास. पट्टीवर सत्तावन्न होतं. मी हो म्हटलं."

हार्लनने आपल्या गाडीकडे पाहिलं. मग आम्हा सगळ्यांकडे, एकेक करून. "मी यावर विश्वास ठेवत नाही," तो म्हणाला. ते साहजिक होतं.

"ठेवू नकोस," वुडी म्हणाला. "डिकीत जॅक कसा लावायचा त्याचा कागद चिकटवलेला आहे. तो रंग वाळल्यानंतर पुढच्या खात्यातली एक बाई चिकटवायची. डिकीची आतली बाजू आमच्या आधी दुसरा माणूस मारायचा, त्याने बरोबर हिरवी मारली. आम्ही बाहेरून मारताना फवाऱ्याचा थोडा धूर आत जायचा. गाडी नंतर कुणी रंगवली असेल तर तपकिरी धूर कागदाच्या वर असेल, खाली नुसता हिरवा. मी रंगवली असेल तर कागदाखाली हिरव्यावर तपकिरी असेल."

आता हार्लन खरा अस्वस्थ झाला. कारखान्याने चिकटवलेला, न फाटलेला, एक्केचाळीस वर्षांचा कागद. असे कागद लोक काचेत ठेवतात. "त्याला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "कोपरा जरी गेला तरी चार गुण जातात."

लिओना गाडीतून उतरली. पर्समधून नखं घासायची कानस काढली, डिकीत वाकली आणि कागदाचा कोपरा उचलला. तो जरा फाटला. मागे कुणीतरी श्वास आत ओढला.

"बघा," ती म्हणाली.

हार्लनने बॅटरी धरली. आम्ही वाकलो. कागदाखाली हिरवा होता, आणि हिरव्यावर बारीक तांबूस धूळ बसलेली, पिठीसारखी. चाळीस वर्षांत तिला ऊन लागलं नव्हतं. ती बाहेरच्या रंगापेक्षा नवी दिसत होती. वुडी वाकला नाही. वाकून उपयोग नव्हता.

मग हार्लन सरळ झाला, क्लिपच्या फळीवरचा कागद ओढला आणि दाखला लिहिला. रंगाच्या रकान्यात त्याने लिहिलं: 'चुकीचा. मूळचा.' सही केली. खाली फाटलेल्या कोपऱ्याचे चार गुण कापले.

पुढच्या आठवड्यात समितीची बैठक झाली. वुड्रो प्रुइट यांनी यापुढे रंगाबाबत मत देऊ नये, असं ठरलं. त्यांनी दिलेले सव्वीस दाखले कुणाची तक्रार येईपर्यंत कायम समजावेत, असंही ठरलं. दुसरा ठराव हार्लनने मांडला. तक्रार आलेली नाही. वुडी अजून शनिवारी येतो. लोक अजून तुकडे आणतात, फक्त हार्लनकडे पाठ करून.

त्या शनिवारी मात्र लिओनाने आधी रंगाच्या दुकानाला फोन केला आणि सोमवारची वेळ रद्द केली. मग ती वुडीजवळ येऊन उभी राहिली.

"माझा नवरा मला मरेपर्यंत वेडी म्हणत होता," ती म्हणाली. "तुझ्यामुळे."

"हो."

"तू हे आधी सांगू शकला असतास."

"गाडी कुठे गेली ते मला माहीत नव्हतं. आणि मी शोधली नाही."

"शोरूममध्ये तीन गाड्या होत्या," ती म्हणाली. "दुसऱ्या दोन मला आवडल्या नव्हत्या. ही हिरवी असती तर मी घेतलीच नसती." मग तिने विचारलं, "तुला कशी दिसते ती?"

वुडीने गाडीकडे पाहिलं. समोरून, मग बाजूने. प्रामाणिकपणे पाहिलं.

"बेचाळीस," तो म्हणाला. "चांगली मारलीय."