शोभना आणि कड्याची आडवी वाट

लेक आभा कॉलेजसाठी पुण्याला गेली आणि आखातातल्या अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये शोभना एकटी पडू लागली. नवरा विजयकुमार लांबच्या मुसफ्फा गावातल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचा मॅनेजर. घरी यायचा तो वीकेंडला. अशात शेजारच्या रशीदाने तिला एकदा रास अल खैमाच्या डोंगरात ओढून नेलं. पहिल्याच चढाला शोभनाच्या छातीचा भाता झाला. तरी ती पुन्हा गेली, जातच राहिली. आता पन्नाशीतल्या बायकांचा ग्रुप तीच घेऊन जायची.

"एवढं काय आहे त्या दगडांत?" विजयकुमार विचारायचा. यंदा नोव्हेंबरात, उन्हाचा जोर ओसरल्यावर, तोच म्हणाला, "चल, बघू तरी तुझा हिमालय."

ग्रुपबरोबर चढताना त्याच्या तोंडाचा पट्टा सुरूच. पाणी असं प्या, पाऊल तसं टाका. शोभना हसून पुढे चालत होती. मग कड्याला चिकटून जाणारी आडवी वाट आली. जेमतेम एक माणूस मावेल एवढी. डावीकडे खोल घळ, तळाशी मुंग्यांएवढ्या शेळ्या. निम्म्या वाटेत त्याचा आवाज बंद पडला. शोभनाने वळून पाहिलं. तो कातळाला चिकटून उभा, चेहरा पांढराफटक.

"शोभना, मला नाही जमणार."

इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"रशीदा, तू सगळ्यांना घेऊन पुढे हो," असं सांगून ती मागे आली. "अहो, आधी खाली बसा. घाई नाही कसली."

तो बसला.

"पहिल्यांदा मी इथून रांगत गेले होते," ती म्हणाली.

"मला नाही सांगितलंस?"

"तुम्ही हसला असतात."

थोड्या वेळाने तिने त्याला उठवलं. "तोंड कातळाकडे. दोन्ही हात टेकवा. मी सांगेन तेव्हाच पाय उचलायचा."

"आणि खाली..."

"खाली बघायचं काम माझं."

तिच्या शब्दाबरहुकूम एकेक पाऊल सरकवत तो पलीकडे पोचला. रशीदाने चहाचा कप पुढे केला. आता हा काहीतरी सबब सांगणार, असं शोभनाला वाटलं.

"जाम घाबरलो होतो," तो सगळ्यांसमोर म्हणाला. "हिने आणलं म्हणून आलो."

उतरताना शोभनाने लांबची, पण रुंद वाट धरली. एका फाट्यावर मागून त्याने विचारलं, "आता कुठे?"

"उजवीकडे," ती म्हणाली आणि मागे न बघता चालू लागली.