अंजनीआत्याचं मांजर

सोनिवलीतला गोठा पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिली आणि अंजनीआत्या आमच्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर राहायला आली. म्हशी विकल्या होत्या. आमच्यात जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत, म्हणून दोन दावी तेवढी गॅलरीतल्या खिळ्याला लटकत होती.

२००३ साली मी माझ्या लेकीला, प्रीतीला, उल्हासनगरहून एक खेळणं आणलं. कीचेनएवढं, लाल दोरीला अडकवलेलं. त्याच्या इवल्याशा पडद्यावर एक मांजर होतं आणि भूक लागली की ते पीं-पीं करायचं. शाळेत न्यायला बंदी, म्हणून प्रीती ते आत्याकडे ठेवून जायची.

"दूध नाय देत, उंदीर नाय धरत, मग पाळायचं कशाला?" आत्या मला विचारायची. मला तरी कुठे ठाऊक. बटण दाबून मांजराची घाण साफ केली की ती चष्मा लावून शोधत बसायची, की ही घाण गेली कुठे. जन्मभर गोवऱ्या थापलेली बाई ती. तरी मांजराला भरवल्याशिवाय जेवायची नाही. एकदा मी चिडलोच. "अगं, ते खोटं आहे."

"मग माझा घास का अडतो?"



महिन्याभरात प्रीतीला कंटाळा आला. तिने खेळणं शेजारच्या कीर्तीला द्यायचं ठरवलं.  आत्याने खेळण्याची लाल दोरी सोडवली, खेळणं कीर्तीच्या हातात दिलं आणि दोरी गॅलरीतल्या खिळ्याला अडकवली.