उदगीरच्या स्थळाला दिलेला नकार

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही, ती गेली तेव्हा तिच्या उशाशी बसून होते, तरी नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल, तर हे वाचल्यावर ओळख दाखवू नका, चालेल मला.

सुरुवात कुठून करू? एका कादंबरीपासून करते. म्हणजे थोडा वेळ तरी मी बरी दिसेन.

नांदेडला मावशीकडे राहून मी बी.ए. करत होते. आमचं गाव कंधार तालुक्यातलं. मावशीच्या माळ्यावर जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात मला एक कादंबरी सापडली. कव्हर नव्हतं, पहिली पंधरा-वीस पानं उंदरांनी नेलेली, त्यामुळे तिचं नाव काय, लिहिणारा कोण, हे आजतागायत मला माहीत नाही. पण तिचा नायक — काय सांगू तुम्हाला. उंच, सावळा, मोजकं बोलणारा. नायिकेच्या हातून एक चूक होते, तिची अब्रू जायची वेळ येते, आणि हा पुढं होऊन ती चूक स्वतःच्या अंगावर घेतो. लोक नाही नाही ते बोलतात. तो गप्प. शेवटी गाव सोडून जातो, पण तिला कळूसुद्धा देत नाही. ते शेवटचं प्रकरण मी किती वेळा वाचलं असेल? रडून रडून डोळे सुजायचे आणि मावशी विचारायची, परीक्षेचं एवढं टेन्शन कशाला घेतीस गं.

मी ठरवून टाकलं — लग्न करीन तर असल्या माणसाशी. नाहीतर नाही.

हसा खुशाल. मीही हसते. विसाव्या वर्षी पोरी असलं काहीतरी ठरवतातच, त्यात पाप नाही. पाप पुढं आहे.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मामांनी उदगीरचं स्थळ आणलं. मुलाचं नाव दिगंबर. त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या मोटारी जळल्या की शेतकरी त्या दुकानात आणून टाकायचे, आणि हा त्या खोलून आतली जळकी तार काढून नवी तार गुंडाळून द्यायचा. वडील आणि एक चुलता घेऊन तो मला बघायला आला. मी चहाचा ट्रे घेऊन गेले, तर मला काय दिसलं? त्याची नखं. मोटारीच्या तारेला लावायच्या वॉर्निशचा काळा रंग नखांत बसलेला. धुतला होता त्यानं, चांगला घासून धुतला होता, बोटांची कातडी लाल झाली होती, तरी रंग राहिलाच होता. अंगात नवा शर्ट, त्यावर दुकानातल्या घड्या तशाच. आणि दर वाक्याला ‘लई’. माझा नायक असा बोलायचा? माझा नायक ज्या मराठीत बोलायचा, ती अख्ख्या नांदेड जिल्ह्यात कुणी बोलत नव्हतं. मी तरी कुठं बोलत होते? पण ते तेव्हा सुचलं नाही.

मोठ्यांनी त्याला सांगितलं, काही विचारायचं असेल तर विचार. त्यानं एकच विचारलं.

“तुमी लई वाचता म्हणे. काय वाचता?”

मी म्हणाले, कादंबऱ्या.

“मला त्यातलं काय कळत न्हाई,” तो म्हणाला. “पण तुमी सांगितलं तर ऐकीन.”

मी आता त्रेपन्न वर्षांची आहे. हे वाक्य पुन्हा मला कुणी म्हटलं नाही. आणि तेव्हा मी काय केलं? आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसले. चुलतबहिणींना त्याची नक्कल करून दाखवली — मान खाली, बोटं आत दुमडलेली, ‘तुमी सांगितलं तर ऐकीन’. आठवडाभर आमच्या घरात पोरी एकमेकींना तेच म्हणत होत्या.

बाबांना मुलगा पसंत पडला. त्या लोकांची काही मागणी नव्हती, माणसं साधी होती, पत्रिका तर आधीच बघून झालेली. आता तुम्हाला माहीत आहे आपल्याकडे नकार कसा देतात. ‘आवडला नाही’ असं कुणी तोंडानं म्हणत नाही. पत्रिका जमत नाही म्हणायचं, किंवा पोरीला अजून शिकायचंय म्हणायचं. समोरच्याला बरोबर कळतं आणि कुणाचं मन मोडत नाही. पण हा गोड नकार द्यायचा वडिलांनी, पोरीनं नाही. पोरीला नको असेल तर तिच्याकडे कारण लागतं, आणि ‘त्याची नखं काळी आहेत’ हे काही कारण नव्हे. एकच कारण आमच्या घरात चाललं असतं. माझे धाकटे काका दारूपायी गेले होते. त्यांची बायको, त्यांची लेकरं आमच्याच घरात वाढत होती. त्या एका शब्दापुढं बाबांनी राजाचं स्थळसुद्धा ठेवलं नसतं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

सांगू का? सांगतेच, इतकं बोलून आता मागं कुठं जाणार.

मामा परत निघाले होते. अंगणात रांजणापाशी पाय धूत होते. मी जवळ गेले आणि म्हणाले, मामा, तो पोरगा पितो. नांदेडला बसस्टँडच्या मागच्या दुकानातून निघताना बघितलाय मी. नीट चालता येत नव्हतं त्याला.

“तुझ्या डोळ्यानं बघितलंस?” मामांनी विचारलं.

“हाव. माझ्या डोळ्यानं.”

त्या चहाच्या दिवसाआधी मी त्या माणसाला कधीच, कुठंच बघितलं नव्हतं.

मला वाटलं होतं, मामा तिकडं जाऊन शिक्षणाचं काहीतरी सांगतील. तेवढं तरी मी धरून चालले होते. पण मामा पडले सरळ माणूस, आणि असलं स्थळ आपण भाचीला आणलं याचा त्यांना राग आलेला. ते थेट उदगीरला गेले आणि दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर त्याच्या वडिलांना म्हणाले, आमच्या पोरीनं डोळ्यानं बघितलंय. झालं. सोयरिकीतल्या गोष्टीला पाय फुटायला किती वेळ लागतो? कानावर यायचं — त्याचं देगलूरचं ठरत आलेलं मोडलं. मग अहमदपूरचं मोडलं. दर वेळी मी मनाशी म्हणायची, जमेल की दुसरीकडं. मामांना एक वाक्य सांगायचं होतं. मामा काही मला खाणार नव्हते. नाही सांगितलं. पुढं माझं लातूरला जमलं आणि मी चौकशी करायचीच सोडली.

आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, तुम्हाला माहीत आहेच. तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात. मी माहेरची मथुरा, सासरी मीनाक्षी झाले. खोटं कशाला बोलू, मला ते फार सोयीचं वाटलं. मथुरेनं केलेलं मथुरेपाशी राहिलं. नवरा शुद्ध मराठी बोलणारा, सरकारी नोकरीतला, चांगला माणूस आहे. नायक नाही. पण ती काही त्याची चूक नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलासाठी उदगीरची मुलगी बघायला गेलो. ऋतुजा. मी आता मुलाची आई, ऐटीत लोडाला टेकून बसलेली. माझ्या माहेराचं निघालं तेव्हा नवराच म्हणाला, कंधारकडचं. तिकडं शंभर गावं आहेत, कुणी पुढं विचारलं नाही. आणि आतून पाण्याचे ग्लास घेऊन एक माणूस आला. केस पांढरे. मी आधी नखं बघितली. मुलीच्या वडिलांचे थोरले भाऊ, दिगंबरराव. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ओळखलं. मला कळलं की ओळखलं. नावं बदलतात, तोंड कुठं बदलतं?

तेव्हा मला काय वाटलं असेल? लाज? नाही हो. भीती वाटली. आता हा बोलणार आणि माझ्या लेकाचं जमत आलेलं मोडणार. एवढंच वाटलं मला. ते म्हणाले, “घ्या ताई, पाणी घ्या.”

पुढं व्याह्यांनीच कौतुकानं सांगितलं. आमच्या घराची चौकशी करायची म्हणून त्यांनी थोरल्या भावाचं मत विचारलं, तर भाऊ म्हणाला, घर चांगलं हाय, डोळे झाकून द्या पोरगी.

राहिलेलं ऋतुजानं सांगितलं. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. तिला वाटलं, सासूला घरच्या गोष्टी सांगाव्यात. म्हणाली, आमच्या थोरल्या काकांचं लग्नच झालं नाही. तरुणपणी प्यायचे ते. कंधारकडच्या कुठल्या तरी मुलीनं बघितलं आणि जमत आलेलं मोडलं. आजोबा इतके चिडले, म्हणाले, जातो त्या गावाला, त्या पोरीला चार माणसांत उभी करतो, होऊन जाऊ दे समोरासमोर. तर काकाच म्हणाले, “कशाला जाता? घेतली होती मी. आता घेणार न्हाई.” आजीनं सांगितलं हे सगळं. “तेव्हापासून थेंब नाही घेतला त्यांनी, आई. बघा ना, माणूस किती सुधारू शकतो.”

मेथी माझ्या हातातच राहिली. तुमच्या लक्षात येतंय ना? चार माणसांत उभी केली असती तर माझं काय झालं असतं? दारूच्या दुकानापाशी तू काय करत होतीस, इथून सुरुवात झाली असती आणि खोटं बाहेर पडलं असतं. मग लातूर काय, मला कुठलंच दार उघडलं नसतं. हे त्यानं ओळखलं. एक कप चहा संपेपर्यंत जिला बघितली, त्या पोरीसाठी त्यानं जन्मभराची बदनामी अंगावर घेतली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी ज्याच्यासाठी डोळे सुजवून घेतले, तो आमच्याच ओसरीवर येऊन बसला होता, आणि मी त्याच्या नखांना हसले.

आता तुम्ही म्हणाल, चला, हिला पश्चात्ताप झाला. थांबा. इथं संपलं असतं तर मी हे लिहायलाच बसले नसते.

गेल्या महिन्यात दिगंबरराव ऋतुजाला बाळंतपणासाठी माहेरी न्यायला आले होते. जेवण झालं, निघायची वेळ झाली. मुलगा खाली गाडी काढत होता, नवरा आत, ऋतुजा पर्स शोधत होती. दारात मी आणि शेजारीण. ते पहिल्या पायरीवर पाठमोरे बसून चपलेचा पट्टा लावत होते. शेजारणीला आपला आवाज हळू आहे असं वाटतं, पण तो कधीच हळू नसतो. ऋतुजाकडून तिनंही ऐकलं होतं. ती म्हणाली, “हेच का ते? आधी लई घ्यायचे म्हणं?”

एका शब्दाचं काम होतं. नाही. बस. तेवढ्यानं माझं काही गेलं नसतं. तिनं पुढं विचारलं नसतं, कुणाला काही कळलं नसतं, मथुरेचं नावसुद्धा निघालं नसतं. तेहतीस वर्षांनी, फुकटात, खरं बोलायची संधी दारात येऊन उभी होती.

मी म्हणाले, “हो. पण आता लई सुधारले.”

त्यांचा हात पट्ट्यावर थांबला. मग त्यांनी पट्टा लावला, ऋतुजाची बॅग उचलली आणि म्हणाले, “येतो, ताई.” दोन पायऱ्या उतरून ते थांबले, ऋतुजाला हात द्यायला. पोटामुळे तिला आता पायरी दिसत नाही. एकेक पायरी थांबत, तिला सांभाळत ते खाली गेले.

शेजारीण म्हणाली, माणूस बाकी चांगला दिसतो.

मी त्यालाही हो म्हणाले.