पोचूच्या वहीचा काठ

ब्रह्मपुरीच्या बाजारात नूर मोहम्मदचं बाइंडिंगचं दुकान होतं, आणि तिरपा कोपरा घेऊन एकही वही त्या दुकानाची पायरी कधी उतरली नाही. कॉलेजचा प्रबंध असो, मशिदीतलं कुराण असो की कुणाच्या घरची फाटकी पोथी, सगळ्यांना तो एकाच मायेनं वागवायचा. सुई-दोऱ्यानं शिवायचं, मोरचूद घातलेली खळ लावायची, शिकंज्यात आवळायचं आणि शेवटी मशीनखाली तिन्ही बाजू अशा कापायच्या की कडेवरून बोट फिरवलं तर काच वाटावी. या कापण्याचा त्याला भारी गर्व. एरवी मऊ माणूस, पण "कडा थोड्या राहू द्या" असं कुणी म्हटलं की त्याचं तोंड वाकडं व्हायचं.

उस्तादानं त्याला आणखी एक गोष्ट शिकवली होती. गिऱ्हाइकाचा कागद शिवायचा, वाचायचा नाही. लोक आपल्या घरातलं काय काय बांधायला देतात, त्यात बाइंडरनं नाक खुपसू नये. पस्तीस वर्षं त्यानं हा नियम पाळला. हजारो पानं त्याच्या हातांखालून गेली आणि त्यातलं त्याला काहीएक माहीत नव्हतं. असा माणूस गावाच्या इतिहासाचा राखणदार व्हावा, यात गंमत आहेच.

झालं असं की १९९४ साली एका जुन्या शाळेचे कागद रद्दीत निघाले. नूर मोहम्मदनं पाहिलं, आपणच कधीकाळी बांधलेली रजिस्टरं किलोवर चालली आहेत. त्याला ते सहन होईना. सायकलवर तीन खेपा करून त्यानं सगळं दुकानात आणून टाकलं. सत्यशीलाबाई नावाच्या निवृत्त मास्तरीण होत्या, त्यांना हे कळलं. त्या आल्या आणि नाकाला पदर लावून वाचत बसल्या त्या संध्याकाळपर्यंत. दोघांनी मिळून बाजारामागची एक बंद खोली मागून घेतली, कडुनिंबाचा पाला पसरला, आणि दर रविवारी 'जुने कागद मंडळ' भरू लागलं. लोक लग्नपत्रिका आणत, नाटकांची हँडबिलं आणत, गंज चढलेल्या पेटीतले फोटो आणत. एकानं आजोबांची कवळी आणली होती, ती बाईंनी सन्मानानं परत केली. कामाची वाटणी सरळ होती: बाई वाचायच्या, नूर मोहम्मद बांधायचा. नियम त्याचा एकच, पण कडक. जुन्या कागदावर नवी शाई लागता कामा नये. चूक दिसली तरी दुरुस्त करायची नाही. एकदा बाईंनी सवयीनं एक काना दिला, तर गडी दोन रविवार त्यांच्याशी बोलला नाही.

१९९८च्या पौषात, धानाची मळणी आटोपल्यावर, सुकरीबाई आली. धानोऱ्याच्या पलीकडचं जंगलातलं गाव, दोन बस बदलून आलेली. लुगड्याच्या गाठोड्यात एक जुनाट वही. तिचा नवरा पोचू, गावातला चौथी शिकलेला पहिला माणूस, तीन वर्षांपूर्वी तापानं गेला होता. या वहीत तो तीस वर्षं गावाचं लिहीत आला होता: कोण जन्मलं, कोण गेलं, वाघानं कुणाची गाय नेली, मोह कधी पडला, बांबूला फुलोरा कोणत्या साली आला, पेनाची, म्हणजे त्यांच्या कुळदेवाची, पूजा कुठे झाली. सत्यशीलाबाईंनी चार पानं चाळली आणि त्यांचे डोळे भरून आले. जंगलातल्या गावानं आपल्या हातानं लिहिलेलं असं काही त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

सुकरीबाई वही द्यायला तयार होती. अट एकच, पूर्ण वाचून दाखवायची. आणि खरं सांगायचं तर पूर्ण वहीचंही तिला अगत्य नव्हतं. गावात काय घडलं ते तिनं डोळ्यांनीच पाहिलं होतं. पण पोचू पान भरलं की वही आडवी धरायचा आणि काठावर पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहायचा. विचारलं तर हसायचा, मग सांगीन म्हणायचा. ते तिला ऐकायचं होतं. मुलगा अंकुश शिकलेला होता, पण मुलाकडून ते वाचून घ्यायला तिला धीर होईना. गावातल्या गुरुजींना दाखवलं तर गावभर होईल. म्हणून ती दोन बस दूरच्या, ओळख ना पाळख अशा माणसांकडे आली होती. हे सगळं तिनं सत्यशीलाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं. बाईंनी शब्द दिला, शिवरात्र झाली की या.

वही मात्र खिळखिळी झाली होती. आधी बांधू, मग वाचू, असं नूर मोहम्मद म्हणाला, आणि ते रीतीला धरूनच होतं. बाईंनी मान हलवली. काठावरच्या मजकुराची गोष्ट त्याच्या कानावर घालायची त्यांना आठवण राहिली नाही. त्यानं वही शिवली, हिरवं कापड चढवलं. कडा वाळवीनं खाल्लेल्या, घामानं काळ्या पडलेल्या. नेहमीपेक्षा बोटभर जास्त कापायला लागलं. वाचायचं नाही हा नियम, त्यामुळे पेन्सिलीच्या त्या पुसट ओळी त्याला मळासारख्याच दिसल्या असणार. कापल्यावर त्यानं कडेवरून बोट फिरवलं आणि खूश झाला.

ठरल्या रविवारी सुकरीबाई आली. हिरवी वही पाहून तिनं कौतुकानं हात फिरवला. बाई वाचू लागल्या. सुकरीबाई मान डोलवत होती, मधूनच एखादं नाव ऐकून हसत होती. दहाएक पानं झाल्यावर तिनं विचारलं, काठावरचं केव्हा? बाईंनी वही आडवी केली. उलटसुलट केली. मग हळूच नूर मोहम्मदकडे पाहिलं.

त्याला कळायला क्षणभर लागला. उंदरांनी खाल्लं, वाळवीनं खाल्लं, काहीही सांगता आलं असतं. वही कशी आली होती ते सगळ्यांनी पाहिलंच होतं. पण त्या माणसाला खोटं बोलायची सवयच नव्हती.

"बाई, ते मी कापलं," तो सुकरीबाईला म्हणाला. "सारं मीच कापलं."

सुकरीबाई रडली नाही, भांडलीही नाही. वहीच्या गुळगुळीत कडेवरून तिनं बोट फिरवलं.

"तीस वर्सं ईचारलं त्याले," ती म्हणाली. "तो म्हने, मंग सांगीन."

मग गाठोडं बांधून ती बसस्टँडकडे निघून गेली. वही तिथेच राहिली.

नूर मोहम्मद भर दुपारी दुकान बंद करून घरी आला. दुकानातली कातरण पोत्यांत भरून घरीच यायची. उन्हं तापली की त्याची बायको सुलताना ती भिजवायची, मेथी घालून कुटायची आणि त्या लगद्याच्या टोपल्या करायची. अंगणात पाचसहा टोपल्या वाळत होत्या, टाक्यात लगदा होता. त्यानं आल्या आल्या टाक्यात हात घातला. हाताला मऊ चिखल लागला. सुलतानानं कारण विचारलं, त्यानं सांगितलं. तिनं भिंतीशी ठेवलेलं शेवटचं पोतं ओढलं आणि अख्खं बाजेवर ओतलं.

त्या उन्हाळ्यात नवरा-बायको रोज दुपारी बाजेवर बसून कागदाच्या पट्ट्या निवडत. शाळेच्या, कॉलेजच्या, कुणाकुणाच्या कातरणीतून पोचूच्या वहीचा पिवळट कागद वेगळा काढायचा, मग कापलेल्या अक्षराचा पाय पानावर आहे का ते जुळवायचं. सुलतानाला मराठी वाचता येत नव्हतं, पण जुळवण्यात तिचीच नजर जास्त तेज निघाली. नूर मोहम्मदनं पट्ट्यांवरचं वाचलं नाही. आधी सुकरीबाईनं ऐकावं, असं त्याचं म्हणणं. वही पुन्हा उसवून त्यानं मिळालेली एकेक पट्टी जागच्या जागी चिकटवली. बहात्तर पानांपैकी तेवीस पानांचा काठ परत आला. बाकी एकोणपन्नास पानांना त्यानं कोऱ्या पट्ट्या लावल्या.

धानाची रोवणी आटोपल्यावर निरोप धाडला. सुकरीबाई येते की नाही याची त्याला धास्ती होती, पण ती आली. भिंतीला टेकून बसली. सत्यशीलाबाईंनी वही आडवी धरली आणि पहिला काठ वाचला.

"बैल घेऊ नको म्हणे. घेतला. लंगडा निघाला. सुकरीचं बरोबर."

सुकरीबाईनं मान वर केली. बाईंनी दुसरा वाचला. "नाल्याकडून वाट नाही म्हणे. मी म्हटलं आहे. नव्हती. सुकरीचं बरोबर." तिसरा: "पोराचं नाव अंकुश ठेवू म्हणे. मी नाही म्हटलं. नाव चांगलं आहे. सुकरीचं बरोबर." सगळे तसेच. घरातल्या भांडणात जे तोंडानं कधी कबूल केलं नाही, ते त्या माणसानं तीस वर्षं काठावर कबूल करून ठेवलं होतं. सुकरीबाई आधी हसली, मग पदर तोंडाला लावून हसली. नूर मोहम्मदलाही हसू आवरेना.

तेविसावी पट्टी शेवटच्या पानाची होती. बाईंनी ती वाचली. "दवाखान्यात चल म्हणते. बाजार झाला की जाऊ म्हटलं. यातही तिचंच बरोबर दिसते."

सुकरीबाईनं डोळे पुसले आणि विचारलं, किती पट्ट्या गेल्या? नूर मोहम्मदनं खाली पाहत आकडा सांगितला.

"मंग त्याच्यातबी माहंच बरोबर असन," ती म्हणाली. "लिहा, भाऊ."

सत्यशीलाबाई दचकल्या. जुन्या कागदावर नवी शाई! पण नूर मोहम्मदनं पेन घेतलं आणि पहिल्या कोऱ्या पट्टीवर लिहिलं: "इथला मजकूर मी कापला. सुकरीबाई सांगतात, त्यांचंच बरोबर. नूर मोहम्मद." दुसऱ्यावर तेच. प्रत्येक वेळी बाई त्या पानावरचं साल आणि काय घडलं ते वाचायच्या, सुकरीबाई आठवून मान हलवायची, आणि तो लिहायचा. अशा तीसेक पट्ट्या झाल्या.

मग बांबूला फुलोरा आला त्या सालाचं पान निघालं. नूर मोहम्मदनं पेन टेकवलं, तसा सुकरीबाईनं त्याच्या हातावर हात ठेवला.

"इथी नको," ती म्हणाली. "त्या साली मी भांडून माहेरी गेल्ती. तो न्याले आला. मी म्हटलं, तुह्या घरी माहं काई नाई. तो म्हने, सारं तुहंच आहे, चाल." तिनं हात उचलला. "इथी पोचूचं बरोबर लिहा."

नूर मोहम्मदनं तसं लिहिलं आणि पुढचं पान उलटलं.